नदीकाठचा अंधार

पश्चिम आफ्रिकेतून वाहणाऱ्या व्होल्टा नदीच्या काळी, तांबडी व पांढरी अशा तीन मुख्य शाखा आहेत. ज्या मुलखात पाऊस वर्षातून चारपाच महिनेच पडतो आणि उरलेले महिने धुळीचे वारे वाहतात, त्या मुलखात या नद्यांच्या काठची जमीन म्हणजे सोनेच. तिच्यासाठी शेतकऱ्यांची झुंबड उडावी, तंटे व्हावेत, असेच कोणालाही वाटेल. परंतु १९७० च्या सुमारास या खोऱ्यांतून जाणाऱ्या प्रवाशाला मैलोगणती वस्ती लागत नसे. लागत ती ओसाड गावे. मातीच्या भिंती ढासळलेल्या, शेतांत रान माजलेले, आणि शेजारून नदी मात्र वाहत असलेली. येथली माणसे नदी सोडून दूर माळावर गेली होती. तेथील हलक्या, दगडाळ जमिनीवर दाटीवाटीने राहून ती जेमतेम पोटापुरते पिकवीत.

सुपीक जमीन टाकून माणसे नापीक जमिनीकडे का गेली, या प्रश्नाचे उत्तर त्या नदीच्याच पाण्यात होते.

तेथे एक लहानशी माशी असते. तिला काळी माशी असे म्हणतात. ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आणि पाठीला कुबड आल्यासारखी दिसणारी असते. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ही माशी नेमकी उलट स्वभावाची आहे. तिला खळाळते पाणी लागते. जेथे प्रवाह खडकांवरून वेगाने धावतो, तेथे पाण्याखालच्या दगडांना आणि वनस्पतींना तिच्या अळ्या घट्ट चिकटून राहतात. मादीला अंडी घालण्यासाठी रक्त हवे असते. ती दिवसाउजेडी, माणसे शेतात किंवा पाण्यावर असतानाच चावते. रोगी माणसाला चावताना त्याच्या कातडीतील सूक्ष्म कृमी ती शोषून घेते, आणि काही दिवसांनी दुसऱ्याला चावताना ते त्याच्या अंगात सोडते.

हे कृमी माणसाच्या अंगात वाढतात. पूर्ण वाढलेली मादी वीतभराहून लांब, दोऱ्यासारखी असते. कातडीखाली एखाद्या गाठीत वेटोळे घालून ती दहा ते पंधरा वर्षे जगते आणि दररोज शेकडो सूक्ष्म पिलांना जन्म देते. आपल्याकडे हत्तीरोग ज्या कृमीमुळे होतो, तो याच कुळातला. फरक इतकाच, की हत्तीरोगाचे कृमी पाय सुजवितात, तर हे कृमी कातडी आणि डोळे यांवर घाला घालतात. लक्षावधी सूक्ष्म पिले कातडीतून हिंडू लागली, की अंगाला अशी खाज सुटते की माणसे दगडांनी आणि खापरांनी अंग खाजवून रक्तबंबाळ करून घेतात. रात्रीची झोप नाहीशी होते. पुढे ही पिले डोळ्यांत शिरतात. तेथे ती मरतात तेव्हा डोळा सुजतो, आणि असे वर्षानुवर्षे होत राहिले म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा पांढरा व अपारदर्शक होऊन माणूस कायमचा आंधळा होतो.

एकदोनदा माशी चावल्याने कोणी आंधळा होत नाही. त्यासाठी हजारो दंश व्हावे लागतात. म्हणूनच जो नदीच्या जितका जवळ, तितके त्याच्या डोळ्यांना भय अधिक. पश्चिम आफ्रिकेतील काही गावांत चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्मे आंधळे झालेले होते. चाळीस वर्षे म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचे भर उमेदीचे वय. अशा घरातील एखादे मूल काठीचे एक टोक आपल्या हातात धरी, दुसरे टोक बापाच्या किंवा आजोबांच्या हातात असे. आणि ते मूल पुढे व वडीलधारा मागे, अशी ती जोडी शेताकडे किंवा बाजाराकडे जाई. त्या मुलाची शाळा बुडे हे तर झालेच; शिवाय एका आंधळ्यामागे घरातील दोन माणसांचे काम बंद पडे. पाण्याजवळ राहावे तर डोळे जातात, डोळे राखावे तर पोट रिकामे राहते, अशा पेचात ही गावे सापडली होती. अखेरीस बहुतेकांनी डोळे राखले व जमीन सोडली.

जगाला हा रोग माहीत नव्हता असे नाही. ग्वाटेमाला देशात रोडोल्फो रोब्लेस नावाच्या डॉक्टरने या कृमीचा आणि अंधत्वाचा संबंध १९१५ सालीच दाखवून दिला होता. अमेरिका खंडात हा कृमी पोहोचला तो आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या जहाजांतून, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. इंग्रज नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली यांनी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील आंधळ्यांची परीक्षा करून १९४५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची युक्ती पुढे १९४९ मध्ये ज्यांनी प्रथम करून दाखविली, तेच हे रिडली. तेव्हा ज्ञान होते. व्होल्टाच्या खोऱ्यांवर राज्य करणाऱ्या युरोपीय सत्ताही होत्या. नव्हते ते औषध. जी दोन औषधे तोवर माहीत होती, त्यांपैकी एक शिरेतून टोचावे लागे आणि ते स्वतःच विषारी होते; दुसरे दिले असता कृमी एकदम मरून अंगावर एवढी भयंकर प्रतिक्रिया उठे, की त्यात उरलेली दृष्टीही जाण्याचा धोका असे. नवे औषध शोधण्याचा खटाटोप कोणी करीत नव्हते, कारण ते विकत घेणारे कोणी नव्हते. औषधांचे कारखाने प्रयोगशाळांवर अमाप पैसा खर्च करतात तो पुढे विक्रीतून परत येईल या आशेने; आणि व्होल्टाकाठच्या शेतकऱ्याच्या कनवटीला वर्षाकाठी काही थोडी नाणी असली तरी पुष्कळ. श्रीमंत देशांत जर हाच रोग असता, तर त्यावरील औषधासाठी एवढा काळ थांबावे लागले असते काय, हा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात उभा राहील.

१९७२ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा हे अप्पर व्होल्टा या देशात गेले होते. याच देशाने १९८४ पासून बुर्किना फासो हे नाव घेतले. काठी धरून आंधळ्यांना नेणारी मुले त्यांनी तेथे पाहिली. मॅक्नमारा हे पूर्वी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते आणि व्हिएतनामच्या युद्धाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्याविषयी जगाचे मत एकच नाही. परंतु या प्रसंगी त्यांनी तत्परता दाखविली, हे मान्य केले पाहिजे. जागतिक बँक त्या काळी प्रामुख्याने धरणे, रस्ते, वीज यांसाठी कर्जे देत असे. रोगनिवारणाच्या कार्यात तिने एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच हात घातला. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्था यांच्या साहाय्याने १९७४ मध्ये सात देशांत मिळून एक मोठी योजना सुरू झाली. पुढे ती अकरा देशांत पसरली.

औषध नव्हते, म्हणून माशीवरच हल्ला करावयाचे ठरले. माशी उडू लागल्यावर ती हाती लागत नाही. तेव्हा पाण्यातील अळ्या मारणे हा एकच मार्ग होता. हेलिकॉप्टरे आणि लहान विमाने आठवड्यामागून आठवडे नद्यांवरून फिरत आणि खळाळत्या पाण्यात अळीनाशक औषध सोडीत. या योजनेच्या भरात सुमारे ५०,००० किलोमीटर लांबीच्या नद्यांवर असा पहारा होता. वाऱ्याबरोबर ही माशी शेकडो किलोमीटर दूर जाते, आणि तिला देशांच्या सीमा ठाऊक नसतात. घानाने आपल्या नद्या स्वच्छ केल्या आणि शेजारच्या तोगोने केल्या नाहीत, तर घानाचे श्रम पाण्यात. म्हणून एकट्यादुकट्या देशाचे हे काम नव्हते. अळ्यांना एक औषध सवयीचे झाले की दुसरे, दुसरे झाले की तिसरे, असे आलटूनपालटून वापरावे लागे. आणि या औषधांनी मासे तर मरत नाहीत ना, हे पाहण्यासाठी जीवशास्त्रज्ञांची वेगळी मंडळी नेमलेली होती. आणखी एक गंमत, खरे तर खेदाची गोष्ट, अशी आढळली, की शेतीच्या भल्यासाठी बांधलेल्या काही लहान बंधाऱ्यांच्या सांडव्यांवर पाणी जोराने पडे, आणि तेथेच माशीला उत्तम घर मिळे. उपकार करावयास निघालेल्याने तेथील पाणी, वारा आणि किडामुंगी यांची माहिती आधी करून घ्यावी लागते.

हे काम किती दिवस चालावयाचे? अंगातील मादी कृमी पंधरा वर्षे जगू शकतो. तेव्हा माशीला तितकी वर्षे डोके वर काढू न देणे भाग होते. दोनतीन वर्षे पैसा देऊन, छायाचित्रे काढून, समारंभ करून परत जाणाऱ्या दात्याचा येथे काही उपयोग नव्हता. मध्येच थांबले, तर आधी घातलेला सारा पैसा व्यर्थ गेला असता. वीसांहून अधिक देश व संस्था यांनी २००२ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, हा खर्च उचलला. तो एकूण सुमारे ६० कोटी डॉलर झाला. ही रक्कम मोठी दिसते. परंतु ज्यांचे रक्षण झाले त्या माणसांच्या संख्येने आणि वर्षांनी तिला भागले, तर दर माणशी दर वर्षी एक डॉलरही पडत नाही. सुमारे सहा लाख माणसांचे डोळे वाचले. अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्तीस आणि शेतीस योग्य झाली. ओसाड गावांच्या जागी नवी गावे उठली.

तथापि ज्यांच्या अंगात कृमी आधीच शिरले होते, त्यांची खाज व त्यांचे भय हेलिकॉप्टरांनी जात नव्हते. शिवाय मध्य आणि पूर्व आफ्रिकेतील दाट अरण्यांत झाडीखालून वाहणाऱ्या नद्यांवर विमानातून औषध टाकणे शक्य नव्हते. तेथे गोळीच हवी होती. ती गोळी आली फार दूरून, आणि दुसऱ्याच कामासाठी निघालेली.

जपानमधील कितासातो संस्थेत सातोशी ओमुरा नावाचे शास्त्रज्ञ होते. मातीतील सूक्ष्म जंतू अनेक उपयुक्त द्रव्ये तयार करतात, म्हणून ते ठिकठिकाणची माती गोळा करीत. कावाना या समुद्रकाठच्या गावी गोल्फच्या मैदानाजवळून आणलेल्या मातीत त्यांना एक नवा जंतू सापडला. अमेरिकेतील मर्क या औषधनिर्मात्या कंपनीशी त्यांचा करार होता; त्याप्रमाणे हा जंतू तिकडे गेला. तेथे आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी जनावरांतील कृमींवर उपाय शोधीत होते. त्या जंतूपासून तयार झालेले द्रव्य कृमी झालेल्या उंदराला खाद्यातून दिले, तो उंदीर कृमिमुक्त झाला. त्या द्रव्यात थोडा फेरफार करून आयव्हरमेक्टिन नावाचे औषध तयार झाले. १९८१ मध्ये ते गुरे, मेंढ्या व घोडे यांच्यासाठी बाजारात आले आणि त्यावर कंपनीला विपुल नफा होऊ लागला. या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

घोड्याच्या अंगात राहणारा एक कृमी या औषधाने मरतो असे कॅम्पबेल यांना आढळले होते. तो कृमी व्होल्टाकाठच्या कृमीचा सख्खा भाऊ. जे घोड्याला चालते ते माणसालाही चालेल काय, हे पाहावे, असे त्यांनी कंपनीच्या संशोधनविभागाचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांना सुचविले. या औषधातून एक पैही मिळणार नाही, हे दोघांनाही दिसत होते. तरी व्हॅजेलोस यांनी संमती दिली. मूळचे बंगालमधील डॉक्टर महंमद अझीझ हे त्या वेळी कंपनीत होते. त्यांना आफ्रिकेतील कामाचा अनुभव होता. १९८१ मध्ये सेनेगलची राजधानी डकार येथे त्यांनी अत्यंत सावधपणे, अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करून, हे औषध रोग्यांना दिले. एका लहान मात्रेने कातडीतील सूक्ष्म पिले जवळजवळ नाहीशी झाली, आणि पूर्वीच्या औषधांसारखा कहर उडाला नाही. हे औषध मोठा कृमी मारीत नाही. त्याची पिले मारते आणि काही महिने नवी होऊ देत नाही. म्हणून वर्षातून एकदा वा दोनदा, मोठा कृमी म्हातारा होऊन मरेपर्यंत, ते घेत राहावे लागते.

आता खरा पेच उभा राहिला. औषध सिद्ध झाले, पण पैसे कोण देणार? रोगी देऊ शकत नव्हते. त्यांची सरकारेही देऊ शकत नव्हती. व्हॅजेलोस हे एव्हाना कंपनीचे प्रमुख झाले होते. ग्रीसहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झालेला. त्यांच्या घरच्या लहानशा उपाहारगृहात याच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जेवावयास येत आणि त्यांच्या गोष्टी ऐकून हा मुलगा विज्ञानाकडे वळला. त्यांनी अमेरिकेच्या सरकारकडे आणि इतरत्र शब्द टाकून पाहिला. औषध विकत घेऊन वाटण्यास कोणी पुढे आले नाही. कंपनीतही मतभेद होते. आपण हे फुकट दिले, तर पुढे गरिबांच्या रोगावर औषध शोधणाऱ्या प्रत्येकाकडून लोक फुकटचीच अपेक्षा करतील, आणि मग असली औषधे कोणी शोधणारच नाही, असे काहींचे म्हणणे होते. हे म्हणणे वरवर कठोर वाटले, तरी ते अगदी पोकळ नव्हते. परंतु त्याच वेळी हेही खरे होते, की औषध तयार होऊन कपाटात पडून आहे आणि नदीकाठी माणसे आंधळी होत आहेत. ऑक्टोबर १९८७ मध्ये कंपनीने जाहीर केले, की या रोगासाठी हे औषध जितके लागेल तितके आणि जितकी वर्षे लागेल तितकी वर्षे विनामूल्य दिले जाईल. तो शब्द आजपर्यंत पाळला गेला आहे.

या दानाची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण तिच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. हेच औषध जनावरांसाठी विकून कंपनीने संशोधनाचा खर्च कधीच भरून काढला होता. दान दिलेल्या औषधावर करात सवलत मिळते, आणि नावलौकिक वाढतो तो वेगळाच. म्हणून ते दान खोटे ठरत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात येते. श्रीमंत देशांतील गुराढोरांना ते औषध हवे होते, म्हणून गरीब देशांतील माणसांना ते मिळाले. जो रोग केवळ गरिबांना होतो आणि ज्यावरील औषध श्रीमंतांच्या घोड्यालाही लागत नाही, त्या रोगाचे काय? असे रोग पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी सुदैवी योगायोगाची वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही.

औषध फुकट मिळाले म्हणजे ते रोग्याच्या मुखात पडले, असे कोणाला वाटेल. परंतु त्या दोहोंमध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. ज्या गावांना सडक नाही, दवाखाना नाही, अशाच गावांत हा रोग अधिक. प्रथम या वाटपाची व्यवस्था पाहण्यासाठी विल्यम फेगी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची एक समिती नेमण्यात आली. फेगी यांनी पूर्वी देवीच्या रोगाच्या निर्मूलनासाठी आफ्रिकेत आणि भारतातही काम केले होते. आरंभी आरोग्यखात्याच्या तुकड्या मोटारींतून गावोगाव हिंडून गोळ्या देत. त्या आल्या त्या दिवशी जे शेतावर किंवा परगावी असतील ते राहून जात. खर्चही फार येई.

मग निराळी रीत अवलंबिली. १९९५ मध्ये आणखी सुमारे वीस आफ्रिकी देशांसाठी दुसरी योजना निघाली, तिचा हा कणाच होता. गावकऱ्यांनी सभा घ्यावी, गोळ्या वाटण्यासाठी आपल्यातलाच एखादा विश्वासू माणूस निवडावा, वाटप कोणत्या महिन्यात करावयाचे आणि घरोघर जाऊन की एका ठिकाणी बोलावून, हेही त्यांनीच ठरवावे. सुगीच्या दिवसांत कोणी थांबत नाही, हे गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. राजधानीतील अधिकाऱ्याला ते सांगावे लागते. निवडलेल्या माणसाला थोडेसे शिक्षण देत. तो घरोघरच्या माणसांची नोंद वहीत करी आणि जवळच्या आरोग्यकेंद्रावर जाऊन गोळ्या घेऊन येई.

औषधाची मात्रा वजनावरून ठरते. पण खेड्यात वजनकाटा कोठून आणावयाचा? त्यावर फार साधा तोडगा निघाला. माणसाच्या उंचीवरून त्याच्या वजनाचा अंदाज पुरेसा बरोबर येतो, असे आढळून आले. म्हणून एका काठीवर रंगांनी खुणा केल्या. माणसाला काठीशेजारी उभे करावयाचे. डोके ज्या खुणेपर्यंत पोहोचेल त्याप्रमाणे एक, दोन, तीन किंवा चार गोळ्या द्यावयाच्या. सर्वांत खालच्या, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंतही जे पोहोचत नाही त्या मुलाला, तसेच गरोदर स्त्रीला व फार आजारी माणसाला गोळी द्यावयाची नाही. लिहितावाचता न येणाऱ्यालाही हे काम करता येते. मध्य आफ्रिकेत मात्र एक अडचण निघाली. तेथे काहींच्या रक्तात दुसऱ्याच एका जातीचे कृमी फार असतात; अशांना ही गोळी दिल्यास मेंदूला इजा होऊन प्राणावर बेतू शकते. तेथे प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते, आणि त्यामुळे काम मागे राहिले आहे.

गोळ्या वाटणाऱ्या या माणसांना वेतन नसते. आपले शेत, आपला धंदा सांभाळून वर्षातले कित्येक दिवस ते हे काम करतात. आफ्रिकेत असे स्त्रीपुरुष लाखांनी आहेत. कंपनीने किती गोळ्या दिल्या, कोणत्या देशाने किती डॉलर दिले, याचे आकडे अहवालांत छापले जातात. या माणसांच्या बुडालेल्या दिवसांची किंमत फारशी कोठे मांडलेली आढळत नाही. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याने त्यातले काही दिले, आणि ज्याच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही त्याने श्रम दिले. या दोघांत अधिक कोणी दिले, हे वाचणाऱ्याने ठरवावे. परंतु या माणसांना निदान थोडा मोबदला मिळावा, ही मागणी कित्येकदा झाली आहे आणि ती रास्त आहे. दारिद्र्यात जगणाऱ्याकडून सेवाभावाची अपेक्षा करणे श्रीमंतांना फार सोपे जाते.

श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०·७ इतका भाग गरीब देशांच्या साहाय्यासाठी द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० मध्ये संमत केला. म्हणजे शंभर रुपये मिळविणाऱ्याने सत्तर पैसे द्यावे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी हा वाटा वर्षानुवर्षे उचलला. बहुतेक मोठ्या व धनाढ्य देशांनी तो कधीच पुरा केला नाही. आणि जे साहाय्य मिळते तेही देणाऱ्याच्या लहरीवर असते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने परदेशी साहाय्य देणारी आपली संस्था बंद केली. गरीब देशांतील अशा रोगांवरील औषधे गावोगाव पोहोचविण्याचा खर्च ही संस्था अनेक देशांत उचलीत असे. तो थांबल्याने कित्येक ठिकाणी वाटप खोळंबले. गोळ्या येतात, पण मोटारीचे तेल, वह्या, काठ्या आणि शिक्षण यांसाठी पैसा नाही, अशी स्थिती झाली. असे साहाय्य मध्येच तोडता येते, कारण ज्यांचे नुकसान व्हावयाचे त्यांना देणाऱ्याच्या देशात मत नसते. कृमी मात्र त्या वर्षी आपली पिले घालावयाचे थांबत नाही.

तरीही मोठी मजल मारली गेली आहे. अमेरिका खंडातील कोलंबिया, इक्वादोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला हे देश २०१३ ते २०१६ या काळात एकामागून एक रोगमुक्त म्हणून घोषित झाले. ज्या ग्वाटेमालात रोब्लेस यांनी शंभर वर्षांपूर्वी या अंधत्वाचे कारण दाखविले, तोही त्यांत आला. आफ्रिकेत पहिला मान मिळाला तो नायजर या देशाला, जानेवारी २०२५ मध्ये. नायजर हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक आहे. १९७४ च्या मूळच्या सात देशांत तो होता, म्हणजे त्याला येथवर येण्यास अर्धशतक लागले. अन्य देशांत अद्याप कोट्यवधी माणसांना दरवर्षी ही गोळी घ्यावी लागते.

काठी धरून आजोबांना नेणाऱ्या मुलाचा एक पुतळा वॉशिंग्टन येथे जागतिक बँकेच्या इमारतीत उभा आहे. तसाच जिनीव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेजवळही आहे. त्या पुतळ्यातील आजोबांसारख्यांना या सर्व खटाटोपातून दृष्टी मिळाली नाही, कारण गेलेले डोळे या गोळीने परत येत नाहीत. असे असूनही वाटपाच्या दिवशी गावोगावचे आंधळे स्त्रीपुरुष कोणाचा तरी हात धरून येत आणि उंचीच्या काठीशेजारी उभे राहत. गोळी घेतल्यावर काही दिवसांत अंगाची खाज थांबे, आणि कित्येक वर्षांनंतर त्यांना रात्रभर झोप लागे.